कान भिंतीला नव्हे, खिडकीला

पाळत म्हणजे काय, हे रत्नागिरीने पुष्कळ पाहिले आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ च्या एप्रिलमध्ये इथे आणला गेला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. त्या तीस वर्षांत त्याच्या बंगल्यावर, आणि १९१० नंतर भाट्याच्या खाडीवरच्या नव्या राजवाड्यावर, इंग्रज सरकारने नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याची नजर असे. पुढे १९२४ च्या जानेवारीत सावरकर येरवड्यातून सुटले, ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचे नाही या अटींवर. अटींची मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. दोघांच्याही बाबतीत सरकारला माणसे खर्ची घालावी लागली. दाराशी शिपाई, रस्त्याच्या कडेला साध्या कपड्यातला कोणीतरी. बोलणे ऐकायचे तर ऐकणाऱ्याला आवाजाच्या टप्प्यात उभे राहावे लागे, आणि टप्प्यात उभा राहिलेला माणूस दिसतो.

थिबाचे राज्य गेले त्याच १८८५ साली हिंदुस्थानात तार कायदा आला आणि तारेने जाणारा संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला कायद्याने मिळाला. मात्र तारेवाचून आणि माणसावाचून आवाज दूर नेण्याची युक्ती त्याच्याही पाच वर्षे आधी निघाली होती. जून १८८० मध्ये वॉशिंग्टन शहरात अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स टेंटर यांनी एका शाळेच्या गच्चीवरून २१३ मीटरवरच्या प्रयोगशाळेपर्यंत बोलणे पोहोचवले, तेही उन्हाच्या तिरिपेवर. पातळ आरशाच्या पाठीशी तोंड नेऊन बोलले की आरसा थरथरतो, त्याच्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाची तीव्रता त्या थरथरीप्रमाणे कमीजास्त होते, आणि पलीकडे सेलेनियमचा तुकडा तो चढउतार विजेत उतरवून श्रावकाला देतो. बेल यांनी याला फोटोफोन म्हटले आणि टेलिफोनपेक्षाही हा आपला मोठा शोध आहे असे ते मानत राहिले. लोकांना तेव्हा ते पटले नाही. ढग आला की संभाषण बंद, असले यंत्र कोण विकत घेणार?

बेल यांचे ऊन डोळ्यांना दिसत होते. ते दिसेनासे केले की फोटोफोनचा हेरगिरीचा माईक होतो. त्यासाठी लागणारा उजेड विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्येच शोधून ठेवला होता. लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, त्यांनी थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. हेच अवरक्त किरण, म्हणजे इन्फ्रारेड. आपल्याला दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाशी बसवलेला एलईडी बहुधा ९४० नॅनोमीटरवर चालतो, म्हणजे तांबड्याच्या बराच पलीकडे. बटण दाबल्यावर तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यात चॅनेलचा आकडा बांधून पाठवतो. आकड्याच्या जागी खोलीतले बोलणे बांधले की झाला अवरक्त छुपा माईक. भाग तेच, बाजारभावही जवळपास तोच.

असा माईक कोणी का लावील, रेडिओवर चालणारे माईक असताना? कारण रेडिओलहरी भिंतीतून जातात, आणि म्हणून शोधणाऱ्यालाही सापडतात. स्पेक्ट्रम अॅनलायझर घेऊन आलेला तपासनीस खोलीच्या मधोमध उभा राहून हवेतल्या सगळ्या लहरींची यादी काढतो आणि अनोळखी दिसेल तिच्या मागे लागतो. अवरक्त माईक त्या यादीत नसतोच. त्याचा उजेड विटेतून जात नाही, चिऱ्यातून तर नाहीच नाही. तो फक्त काचेतून बाहेर पडतो. म्हणूनच न्यायालये, संसदगृहे आणि मोठ्या परिषदांची सभागृहे यांत भाषांतर कानाशी पोहोचवायला अवरक्त यंत्रणा मुद्दाम वापरतात, कारण सभागृहातली चर्चा भिंतीबाहेर जात नाही. सभागृहाला मोठ्या खिडक्या असतील तर पडदे ओढून घ्यावेत, ही सूचना त्याच्याच जोडीने येते. गुप्तता राखणारा गुण आणि ती फोडणारी फट एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे काच.

या मुद्द्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण झडतीची अर्धी विद्या त्यात आहे. अवरक्त माईकला खिडकी दिसलीच पाहिजे आणि खिडकीतून त्याचा ग्राहक, म्हणजे तो उजेड टिपणारा रिसीव्हर, दिसला पाहिजे. त्यामुळे जाणता तपासनीस खोलीत शिरल्यावर पेटी उघडण्याआधी खिडकीशी जाऊन बाहेर बघतो. मांडवी किंवा भाट्याच्या किनाऱ्याकडे तोंड असलेल्या घराची कल्पना करा. पश्चिमेच्या खिडकीसमोर उघडा समुद्र आहे. तिथे ग्राहक ठेवायचा तर होडीत ठेवावा लागेल, आणि हेलकावणाऱ्या होडीतून दुर्बीण एका खिडकीवर रोखून धरणे सोपे नाही. पूर्वेच्या खिडकीसमोर मात्र नवी चार मजली इमारत आहे, तिच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, दोन फ्लॅट कायम बंद आहेत. झडती पूर्वेकडून सुरू व्हायला हवी. समुद्राकडची खिडकी सुंदर असते म्हणून सगळे तिच्याशी उभे राहतात. पाळत ठेवणारा दुसरीकडे बघत असतो.

आकडे मांडून पाहिले की या युक्तीचे बळ कळते. छोटा एलईडी २० मिलिवॅट उजेड टाकतो आणि मध्यापासून दहा अंशांच्या शंकूत पसरवतो असे धरा. शंभर मीटरवर त्याचा ठिपका सुमारे ३५ मीटर व्यासाचा होतो, म्हणजे समोरची सगळी इमारत त्यात न्हाऊन निघते. तिथे कोणी १० सेंटिमीटर व्यासाचे भिंग लावून बसला असेल तर त्याच्या वाट्याला दहा लाख भागांतले आठ भाग येतात, म्हणजे ०.१६ मायक्रोवॅट. हे फार थोडे वाटते, पण चांगल्या फोटोडायोडला ते पुरून उरते. पावसाने हा झोत मरेल असे कोकणातल्या माणसाला वाटणे साहजिक आहे. पण शंभर मीटरच्या अंतरात मुसळधार पाऊसही त्याचे फारसे बिघडवत नाही. थेंब मोठे आणि विरळ असतात. धुके त्याहून वाईट, कारण त्याचे कण अतिसूक्ष्म आणि दाट असल्याने उजेड चहूकडे विखुरतो. म्हणजे जुलैच्या धारेत रत्नागिरीत चालणारा माईक कुंभार्ली घाटातल्या दाट धुक्यात लुळा पडेल.

आता शोध. काच स्वतःच चुगली करते, ही यातली गंमत. साध्या काचेवर सरळ पडलेल्या उजेडातला सुमारे आठ टक्के भाग तिच्या दोन पृष्ठभागांवरून परत फिरतो. वीस मिलिवॅटमधला दीड मिलिवॅट खोलीत परततो आणि समोरच्या भिंतीवर पडतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण सिलिकॉनच्या फोटोडायोडला दिसतो. सिलिकॉन ४०० पासून सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड पकडते आणि ९०० च्या आसपास सर्वांत तेज असते. म्हणून अवरक्त शोधकाचे रूप अगदी साधे आहे: फोटोडायोड, पुढे दृश्य उजेड अडवणारी काळी गाळणी, मागे ध्वनिवर्धक आणि हेडफोन. दिवे, पंखे, टीव्ही सगळे बंद करून, शक्यतो रात्री, तपासनीस हा शोधक हळूहळू फिरवतो. रात्र का? उन्हात अवरक्त इतके असते की सूक्ष्म सिग्नल त्यात बुडतो. दिवे का बंद करायचे? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पिवळा बल्ब आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि कानात सतत गुणगुण भरते. स्वस्त एलईडी दिव्यांचे चालक त्यात आणखी उंच स्वर मिसळतात.

नुसता उजेड सापडून भागत नाही, तो बोलतो आहे का हे कळायला हवे. त्यासाठी खोलीत ओळखीचा आवाज लावतात, उदाहरणार्थ रेडिओवरच्या बातम्या. आवाज सुरू झाला की आवाजावर जागे होणारे माईकही जागे होतात. मग शोधकाने पकडलेल्या लुकलुकीतून त्याच बातम्या ऐकू येऊ लागल्या तर शंकेला जागाच उरली नाही. मात्र चतुर माईक बोलणे थेट उजेडावर चढवत नाही. अवरक्त हेडफोनांत जसे ९५ किलोहर्ट्झ, किंवा २.३ आणि २.८ मेगाहर्ट्झ अशा उपलहरी वापरतात, तशा एखाद्या उंच लहरीवर तो आवाज बसवतो आणि ती लहर उजेडावर. तेव्हा फोटोडायोडचा सिग्नल हेडफोनला न देता स्पेक्ट्रम अॅनलायझरला द्यावा लागतो. तेच रेडिओ शोधणारे यंत्र, फक्त पुढे अँटेनाऐवजी डोळा.

माईक बंद असेल, बॅटरी वाचवत गप्प बसला असेल, तर उजेड शोधणे फोल. तेव्हा नॉन-लिनिअर जंक्शन डिटेक्टर काढतात. झाडूसारख्या दांड्याला बसवलेले हे यंत्र भिंतीवर, खुर्चीवर, घड्याळावर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर सोडते आणि दुप्पट वा तिप्पट वारंवारतेची, म्हणजे ४.८ किंवा ७.२ गिगाहर्ट्झची, लहर परत येते का हे ऐकते. डायोड, ट्रान्झिस्टर, चिप यांच्यात वीज दोन्ही दिशांनी सारखी वाहत नाही, म्हणून त्या मूळ लहर वाकवून परत पाठवतात. चालू असो वा बंद, मेलेली बॅटरी असो वा नसो, चिप सापडते. अर्धवाहकाचा हा एकमार्गी गुण हेरून त्याचा उपयोग करणाऱ्या पहिल्यांत जगदीशचंद्र बोस होते. गॅलेना खनिजाच्या त्यांच्या शोधकाला अमेरिकेत १९०४ मध्ये पेटंट मिळाले, आणि तो शोधक रेडिओलहरींबरोबर उजेडालाही प्रतिसाद देत असे.

रत्नागिरीत या यंत्राची परीक्षा जास्त कठीण होणार, असे मला वाटते. कारण एकमार्गीपणा फक्त चिपमध्ये नसतो. गंजलेल्या दोन धातूंच्या जोडातही तो तयार होतो. खाऱ्या हवेत खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे स्क्रू, खिडकीचे गज काही वर्षांतच गंजतात, आणि त्या प्रत्येक जोडातून डिटेक्टरला ओरड ऐकू येते. फरक ओळखायची रीत ठरलेली आहे. चिपमधून दुप्पट वारंवारतेचे उत्तर जोरात येते, गंजातून तिप्पट वारंवारतेचे. शिवाय रबरी हातोडीने त्या जागेवर हलकेच टकटक केली की गंजाचा सूर खडखडतो, बदलतो, नाहीसा होतो. चिपचा सूर ढिम्म राहतो. मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत तासाभरात संपणारी खोली कोकणातल्या कौलारू घरात अख्खी सकाळ खाईल.

भारतात झडतीची सर्वांत गाजलेली हकीकत दिल्लीची आहे. सप्टेंबर २०१० मध्ये अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी आपल्या कार्यालयाच्या तपासणीत ठिकठिकाणी चिकट पदार्थ आढळल्याचे पंतप्रधानांना पत्राने कळवले. ही बातमी जून २०११ मध्ये बाहेर आली. अशा सोळा जागा होत्या, पण माईक एकही मिळाला नाही, आणि तो पदार्थ च्युइंगम असावा असे गुप्तचर विभागाचे म्हणणे पडले. जुलै २०१४ मध्ये नितीन गडकरी यांच्या दिल्लीतल्या निवासस्थानी ऐकण्याची साधने सापडल्याची बातमी छापून आली. गडकरींनी ती फेटाळली आणि सरकारनेही संसदेत नाकारली. झडतीचे हे असेच असते. मिळाले तर गाजावाजा, न मिळाले तर वाद, आणि काही नव्हतेच हे सिद्ध करायला कोणतेही यंत्र पुरत नाही.

मॉस्कोची हकीकत मात्र वादातीत आहे. तिचा नायक लेव्ह थेरेमिन, हात न लावता वाजणाऱ्या वाद्याचा जनक. त्याने बनवलेला, बॅटरी नसलेला माईक लाकडी राजमुद्रेत दडवून ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेच्या राजदूताला भेट देण्यात आला आणि १९५२ मध्ये सापडेपर्यंत राजदूताच्या घरात भिंतीवर टांगलेला राहिला. बाहेरून रेडिओलहर सोडली तरच तो जागा होई. याच थेरेमिनने ‘बुरान’ नावाची दुसरी यंत्रणा केली. ती आपल्या विषयाची खरी पूर्वज. खोलीत काहीच ठेवायचे नाही. दूरवरून खिडकीच्या काचेवर अवरक्त झोत टाकायचा, बोलण्याने काच थरथरते, आणि परत आलेल्या झोतातून ती थरथर वाचायची. मॉस्कोतल्या पाश्चात्त्य वकिलातींवर ती वापरली गेली. १९४७ मध्ये त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. १९६० नंतर लेझर आला तेव्हा झोत बारीक झाला आणि टप्पा वाढला. कल्पना तीच राहिली.

या प्रकारात झडतीची दिशा उलटते. आता उजेड आतून बाहेर जात नसून बाहेरून आत येतो आहे, तेव्हा फोटोडायोड खिडकीशी, काचेच्या आतल्या बाजूला, बाहेर तोंड करून धरावा लागतो. झोत बारीक असल्याने काच इंचाइंचाने चाचपावी लागते. लेझर १५५० नॅनोमीटरचा असेल तर सिलिकॉन आंधळे ठरते आणि इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा महाग शोधक लागतो. तोवर काचेला चिकटवलेला, अर्थहीन खरखर करणारा लहानसा कंपक जास्त उपयोगी पडतो.

इथवरचा अवरक्त उजेड तांबड्याच्या शेजारचा होता. त्याच्या खूप पुढे, ८ ते १४ मायक्रोमीटरवर, दुसरा अवरक्त आहे: वस्तूंची स्वतःची ऊब. माईक वीज खातो, म्हणून किंचित तापतो, आणि लाकडाच्या पट्टीमागे असला तरी पट्टीचा पृष्ठभाग अंशाच्या काही भागाने गरम होतो. हाताळता येणारे थर्मल कॅमेरे अंशाचा विसावा भाग ओळखतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या माथ्यावर, सह्याद्रीच्या झाडीत, हीच किमया चापडा साप करत आला आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खड्डा असतो. त्यातला नाजूक पडदा भक्ष्याच्या अंगाच्या उबेने तापतो, आणि तिथल्या चेतातंतूंतली टीआरपीए१ नावाची प्रथिने ती ऊब मेंदूला कळवतात. हे प्रथिन कोणते, ते २०१० मध्ये कळले. चापड्याला रिमोटचा उजेड त्या खड्ड्याने दिसणार नाही आणि फोटोडायोडला उंदराची ऊब दिसणार नाही. नाव एक असले तरी हे दोन वेगळे मुलूख आहेत, आणि झडतीला दोन्हीकडचे डोळे लागतात.

काचेच्या बाबतीत तर दोघे परस्परविरोधी वागतात. जवळचे अवरक्त काचेतून आरपार जाते. उबेचे अवरक्त काच अडवते, म्हणून थर्मल कॅमेरा खिडकीकडे वळवला की त्यात बाहेरचे आंब्याचे झाड न दिसता कॅमेरा धरणाऱ्याचेच प्रतिबिंब दिसते. काळ्या प्लॅस्टिकचे उलट. टीव्हीच्या कडेची काळी पट्टी डोळ्याला अपारदर्शक आणि ९४० नॅनोमीटरला पाण्यासारखी निर्मळ असते, म्हणून रिमोटचा उजेड तिच्यातून आत शिरतो. छुपा माईक ठेवायला तशीच पट्टी सर्वांत सोयीची. झडतीत काळी, चकचकीत, विनाकारण लावलेली पट्टी दिसली की थांबावे.

सामान्य माणसाचा संबंध माईकपेक्षा छुप्या कॅमेऱ्याशी येण्याची शक्यता जास्त. गणपतिपुळ्याला किंवा गुहागरला मुक्कामी गेलेल्या कुटुंबाला खोली तपासावीशी वाटली तर मोबाइल पुरतो. अंधारात चित्रण करणारे कॅमेरे ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे एलईडी लावतात. दिवे घालवून, मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून खोली फिरवावी. मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त गाळणारी काच बहुधा कडक असते, पुढच्यात बऱ्याचदा सैल. आधी घरच्या रिमोटवर प्रयोग करावा: बटण दाबल्यावर पडद्यावर जांभळट ठिपका उमटला तर आपला कॅमेरा कामाचा. ८५० चा एलईडी अंधाराला सरावलेल्या डोळ्यालाही अंधुक लाल दिसतो. ठिपका सापडला तर वस्तूला हात न लावता पोलिसांना बोलवावे. स्त्रीचे असे खासगी चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. दिवसाच्या उजेडात चालणारा, एलईडी नसलेला कॅमेरा या युक्तीने सापडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

शोधकांची खरी अडचण गेल्या दशकात सुरू झाली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीतल्या संशोधकांनी ध्वनिरोधक काचेआडच्या वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाचे वेगवान चित्रण केले आणि पाकिटाच्या अतिसूक्ष्म थरथरीतून खोलीतले बोलणे परत उभे केले. २०२० मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या मंडळींनी २५ मीटरवरून, दुर्बिणीला जोडलेल्या फोटोडायोडने, छताला टांगलेल्या बल्बच्या उजेडातला थरकाप वाचून गाणी आणि भाषण ओळखता येईल इतके मिळवले. इथे खोलीत कोणी माईक ठेवला नाही, काचेवर कोणी झोत टाकला नाही. बल्ब घरमालकाचा, उजेड घरमालकाचा. डिटेक्टर फिरवून सापडेल असे त्यात काहीच नाही, म्हणून अशा खोलीत तपासनीस यंत्र बाजूला ठेवतो, स्टूल मागवतो, वायरला लोंबणारा बल्ब काढून छताला घट्ट बसणारा दिवा लावायला सांगतो आणि पूर्वेचा पडदा जाड घ्यायला सांगतो.